मिस्टर बॉब आणि कृष्णाकाठचं वशिंड

गेल्या वर्षी बाबा सांगलीहून आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते. त्यांना समुद्र दाखवायला कॉर्पस ख्रिस्टीला नेलं आणि परतण्याआधी किंग्सव्हिलला वळलो. कुंपणापलीकडे गडद लाल रंगाची गुरं चरत होती. बाबांनी गाडी थांबवायला लावली. उभा जन्म गोठ्यात गेलेला माणूस! वळूचा उंचावलेला खांदा आणि गळ्याखालचं लोंबतं कातडं बघून ते म्हणाले, की रंग सोडला तर हे आपल्याकडचंच जनावर आहे. मी हसलो. पण घरी येऊन वाचायला बसलो, तर बाबा फारसे चुकले नव्हते.

त्या लाल जातीचं नाव सांता गर्ट्रूडिस. ती घडवणारा माणूस रॉबर्ट क्लेबर्ग ज्युनियर, सगळ्यांचा मिस्टर बॉब. जन्म १८९६, कॉर्पस ख्रिस्टीचा. आजोबा कॅप्टन रिचर्ड किंग यांनी १८५३ मध्ये सुरू केलेलं किंग रँच पुढे ८ लाख २५ हजार एकरांपर्यंत वाढलं. बॉब विस्कॉन्सिनला शेतकी शिकत होते. वडिलांची तब्येत ढासळली, तेव्हा १९१६ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून ते घरी आले आणि कारभार अंगावर घेतला.

अडचण साधी पण जीवघेणी होती. रँचवर इंग्लंडकडची शॉर्टहॉर्न आणि हेरफर्ड गुरं. मांसाला उत्तम, पण दक्षिण टेक्ससचं ऊन, गोचिडी आणि दुष्काळ त्यांना झेपेना. सावलीत धापा टाकणारं जनावर चरणार कधी आणि भरणार कधी? उलट भारतीय वंशाची गुरं भर उन्हात चरत. आपल्याकडची गीर, कांक्रेज, ओंगोल आणि कृष्णा व्हॅली यांच्यापासून अमेरिकेत जी जात बनली तिला इथे ब्राह्मण म्हणतात! मांसासाठी पाळायच्या गुरांना हे नाव. बाबांना हसावं की रागवावं कळेना.

क्लेबर्गनी या ब्राह्मण रक्ताचे वळू आणून शॉर्टहॉर्न गायींवर सोडले. पहिल्या पिढीचा संकर जोमदार निघतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं. खरी परीक्षा पुढे असते. संकरितांचा आपसात मेळ घातला की एक वासरू आजोबावर जातं, दुसरं आजीवर, आणि कळपात काही एकसारखं राहत नाही.

१९२० मध्ये एक लाल गोऱ्हा जन्मला. नाव मंकी, म्हणजे चक्क माकड. अंगाने भरदार, स्वभावाने गरीब. क्लेबर्गनी त्याच्यावर सगळा डाव लावला. त्याचे मुलगे, मुली, नाती यांच्यातच पुढचे मेळ घातले, म्हणजे गुण पक्के व्हावेत. जे वासरू मनासारखं नाही ते कळपातून बाहेर, दयामाया नाही. रोजची नजर मात्र किनेन्योंची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रँचवर राबणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या गुराख्यांची. त्यांच्याशिवाय हे झालंच नसतं.

मंदीच्या काळात रँच कर्जात होतं. १९३३ मध्ये तेल कंपनीशी झालेल्या कराराने ते सावरलं. मंकी १९३२ मध्ये गेला, पण तोवर त्याचा वंश पसरला होता. १९४० मध्ये अमेरिकी कृषी खात्याने या जातीला मान्यता दिली. तीन अष्टमांश ब्राह्मण, पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न. पुढे ती ऑस्ट्रेलिया, ब्राझीलपर्यंत गेली. क्लेबर्गना घोड्यांचाही नाद. त्यांच्या असॉल्टने १९४६ मध्ये अमेरिकेतली ट्रिपल क्राउन जिंकली. १९७४ मध्ये ते वारले.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. जनावर कापण्यासाठी वाढवायचं, हे त्यांच्या पचनी पडत नाही, आणि मी त्यांना पटवायलाही गेलो नाही. पण त्यांनी आठवण करून दिली, की आमची कृष्णा व्हॅलीसुद्धा संकरातूनच आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी काळ्या रानात नांगर ओढायला ती तयार करवली. ट्रॅक्टर आला आणि ती विरळ झाली. आता गावात शोधूनही सापडत नाही.

आमच्याही गोठ्यात पुढे जर्सीचा संकर आला. दूध वाढलं, पण उन्हाळ्यात गाय धापा टाकायची आणि गोऱ्ह्याला गिऱ्हाईक मिळायचं नाही. बाबांचं म्हणणं, संकर वाईट नव्हे. आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवून वीस वर्षं चिकाटीने बसणारा माणूस लागतो. क्लेबर्गना ते ठाऊक होतं. आणि त्यांना आणखी एक कळलं होतं, जे आम्हाला उशिरा कळलं: उन्हात टिकणारं रक्त मोलाचं असतं.

परत जाताना विमानतळावर बाबांनी त्या लाल वळूचा फोटो मोबाईलवर पाठवायला सांगितला. गावात दाखवायचाय म्हणे, आपला एक नातेवाईक टेक्ससला असतो म्हणून.