हेलन केलर : दुसऱ्यांसाठी पसरलेला हात

हेलन केलर हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. आंधळी व बहिरी असूनही ती पदवीधर झाली, हे आपण जाणतो. परंतु अपंगांच्या शिक्षणासाठी पैसा उभा करण्यात तिने आयुष्य वेचले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया या गावी झाला. ती १९ महिन्यांची असताना आजारपणात तिचे डोळे आणि कान दोन्ही गेले. १८८७ साली अ‍ॅन सुलिव्हन ही शिक्षिका घरी आली. तळहातावर बोटांनी अक्षरे उमटवून तिने हेलनला भाषा दिली.

१८९१ साली, हेलन अवघी दहा वर्षांची असताना, तिची लाडकी कुत्री गोळी लागून मेली. लोक हळहळले आणि दुसरी कुत्री घेण्यासाठी पैसे देऊ लागले. त्याच सुमारास तिला टॉमी स्ट्रिंगर या लहान मुलाची हकीकत कळली होती. तोही आंधळा व बहिरा. आई वारलेली आणि घरी गरिबी. बॉस्टनच्या अंधशाळेत त्याला ठेवायचे, तर खर्च कोण करणार? कुत्रीसाठी देऊ केलेले पैसे टॉमीच्या शिक्षणाला द्यावेत, असे हेलनने सर्वांना कळवले. पत्रांमागून पत्रे लिहून तिने १६०० डॉलरहून अधिक रक्कम जमवली. टॉमीला शाळा मिळाली.

पुढे तिच्या स्वतःच्या शिक्षणालाही पैसा कमी पडला. तेव्हा प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन यांनी रॉजर्स या धनाढ्य कुटुंबाकडे तिच्यासाठी शब्द टाकला. १९०४ साली ती रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाली. पण ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नाही, त्याने काय करावे?

१९२४ पासून हेलनबाई अंधांच्या राष्ट्रीय संस्थेसाठी गावोगावी निधी गोळा करू लागल्या. दानाबरोबर सरकारी तिजोरीही उघडली पाहिजे, म्हणून त्यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे अंधांची बाजू मांडली. १९३१ च्या कायद्याने अंधांच्या पुस्तकांसाठी दरसाल १ लाख डॉलर मंजूर झाले. मात्र ही सोय प्रौढांपुरतीच होती. मुलांना ती मिळायला १९५२ साल उजाडले.

तेव्हा महामंदी होती. ब्रेल न येणाऱ्या अंधांसाठी ‘बोलकी पुस्तके’, म्हणजे पुस्तक वाचून दाखवणाऱ्या तबकड्या, निघाल्या होत्या. लाखो लोक बेकार असताना अशा यंत्रांसाठी पैसे मागणे हेलनबाईंना १९३३ साली पटले नाही. दोन वर्षांनी त्यांचे मत बदलले आणि त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना साकडे घातले. बेकारांना काम देण्याच्या तातडीच्या निधीतून १९३५ साली २ लाख ११ हजार ५०० डॉलर मिळाले. बेकारांच्या हाताला काम लाभले आणि त्यांनी बनवलेल्या यंत्रांवर अंध पुस्तके ऐकू लागले.

१९५५ साली, ७४ व्या वर्षी, त्या भारतातही येऊन गेल्या. १ जून १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

वाईट दिवस आले की अपंग मुलाचे शिक्षण पुढे ढकलता येईल असे घराला वाटते, सरकारलाही वाटते. पण मुलाचे वय थांबत नाही. हेलनबाईंनी हात पसरला तो यासाठीच.