फादर स्टीफन्स, मुले आणि मायबाप



गेल्या उन्हाळ्यात आपल्या युवक मंडळाची मुले-मुली शिबिरासाठी अमरावतीला गेली होती. परतीची एसटी चुकली, दुसरी मिळेपर्यंत वेळ गेला आणि मुले पुसदला उतरली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. एक आई संध्याकाळी सातपासून बसस्थानकावर उभी होती. मुलीचा मोबाईल बंद पडलेला. मुलांसोबत मोठे कोण आहे, कोणाला फोन लावायचा, यातले काहीच तिला ठाऊक नव्हते. आम्ही सगळी माहिती मुलांना दिली होती. ती घरापर्यंत पोचली की नाही, हे मात्र पाहिले नव्हते. ती माउली रागावली नाही. लेकरू चर्चच्या कामाला धाडले म्हणजे मायबापाला काही सांगायचे नसते का, एवढेच तिने आम्हांला विचारले.

आमच्याजवळ उत्तर नव्हते. चूक आमची होती. त्यानंतर बरेच दिवस तो प्रश्न मनात घोळत असताना आम्हांला एका थोर धर्मगुरूंची आठवण झाली. त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. मराठीची थोरवी गाणारे इंग्रज कवी म्हणून शाळेच्या पुस्तकांतूनही त्यांची ओळख होते. ते म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. त्यांच्या जीवनाकडे आज आपण एका वेगळ्या बाजूने पाहू या.

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या खेड्यात झाला. वडिलांचे नावही थॉमसच. तो काळ इंग्लंडमधील कॅथलिकांसाठी कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यात उघडपणे मिस्सा करणे गुन्हा ठरला होता. स्टीफन्स आणि त्यांचे मित्र थॉमस पाऊंड या दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचे ठरवले. पाऊंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोचले आणि ऑक्टोबर १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. पुढे त्यांनी भारतात प्रेषितकार्यासाठी जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि ती मान्य झाली.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा काफिला लिस्बनहून निघाला. त्यांतील एका जहाजावर स्टीफन्स होते. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रात काढून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला उतरले. नवा देश, नवी माणसे, अनोळखी भाषा. अशा वेळी तिशीतल्या या तरुणाने काय करावे? पोचल्यापासून सतरा दिवसांच्या आत, १० नोव्हेंबरला, त्याने आपल्या वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले.

हे पत्र आजही वाचायला मिळते. इंग्लंडमध्ये हॅक्लुट नावाच्या लेखकाने प्रवासवर्णनांच्या आपल्या मोठ्या संग्रहात ते छापले. पत्राच्या आरंभी मुलगा वडिलांचा आशीर्वाद मागतो, आईला नमस्कार कळवतो आणि वडिलांची इच्छा व आपले कर्तव्य म्हणून आपली खुशाली कळवत असल्याचे सांगतो. इटलीहून पोर्तुगालला जातानाही त्याने घरी पत्र धाडले होते, त्याची तो आठवण करून देतो. मग वाटेत काय काय पाहिले ते सगळे येते : वारा पडून जहाजे रखडली ती आफ्रिकेजवळची उष्ण हवा, उडणारे मासे, केप ऑफ गुड होपचे वादळी पाणी, हिरड्या सुजवणारा खलाशांचा रोग. त्या प्रवासात आजाराने सत्तावीस माणसे दगावली, हेही त्याने लपवले नाही. जहाजावर पुष्कळ लहान मुले होती आणि मोठ्या पुरुषांपेक्षा ती समुद्राचा त्रास अधिक चांगला सोसत होती, हे त्याने कौतुकाने नोंदवले आहे.

स्टीफन्स यांनी आपला मार्ग स्वतः निवडला होता. ते घरी परतणार नव्हते. त्या एका पत्रानंतर आईवडिलांच्या हाती काही करण्यासारखे उरले नव्हते. तरीही आपण कोठे आहोत, कसे आहोत, वाटेत काय धोका होता, हे कळण्याचा त्यांचा हक्क या मुलाने मानला. देवाच्या कामाला निघालो म्हणून घराला उत्तर द्यायचे कारण नाही, असे त्यांना वाटले नाही.

१५८० साली गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतरचे जवळजवळ सारे आयुष्य त्यांनी गोव्यातील साष्टी भागात, मडगाव व राशोल परिसरात काढले. (मुंबईजवळची साष्टी ती निराळी.) तेथील कोंकणी आणि मराठी या दोन्ही भाषा त्यांनी आत्मसात केल्या. आपल्या भावाला लिहिलेल्या १५८३ च्या पत्रात, येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते असे त्यांनी कळवले. भाषापंडितांच्या लक्षात ही गोष्ट नीटपणे येण्याच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण आहे.

त्या काळाचे चित्र मात्र आपण खरेपणाने पाहिले पाहिजे. साष्टीतली देवळे पाडली गेली होती. जुनी पुराणे वाचण्यास बंदी होती. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने एक हुकूम निघाला होता. अनाथ हिंदू मुलांना नातलगांकडून काढून धर्मगुरूंच्या संस्थेत ठेवावे आणि त्यांना बाप्तिस्मा द्यावा, असा तो हुकूम होता. पुढे बाप वारला पण आई हयात आहे, अशा मुलांनाही तो लावला गेला. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांना आणि त्यांच्या सोबतच्या काही ख्रिस्ती लोकांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्या पाच जणांचे मृतदेह परत मिळवण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावून घेतले आणि मारले. दोन्हीकडे रक्त आणि दोन्हीकडे अविश्वास, अशी ती जमीन होती.

आम्ही गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार अभ्यासला होता. मूल जन्माआधी आईच्या उदरात असते. जन्मानंतर समज येईपर्यंत ते आईवडिलांच्या काळजीच्या जणू आत्मिक उदरात असते. म्हणून आईबापांच्या इच्छेविरुद्ध त्याला त्यांच्यापासून काढून बाप्तिस्मा देणे हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे संत थॉमस यांनी शिकवले. ते १२७४ साली वारले. म्हणजे तो हुकूम निघण्याच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधीच ख्रिस्तसभेजवळ ही शिकवण होती. शिकवण जवळ असूनही ती विसरता येते, ही आपल्या इतिहासातील दुःखाची गोष्ट आहे.

अशा काळात फादर स्टीफन्स यांनी काय केले? ख्रिस्तपुराणाच्या आरंभी त्यांनी एक प्रसंग रंगवला आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये रविवारी मुलांचे धर्मशिक्षण चालले आहे. मुले पाठ म्हणत आहेत. जवळच मोठी माणसे आहेत. त्यांतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येऊन पाद्रीगुरूंना विचारतो, की मुलांना शिकवता ते चांगलेच आहे. पण आमची जुनी पुराणे वाचायला तुम्ही मनाई केली, मग त्यांच्या जागी आम्ही घरी वाचावे असे काही तुम्ही आम्हांला का देत नाही?

हा मनुष्य तेथील एखाद्या मुलाचा बाप होता, असे आम्ही म्हणणार नाही. पण प्रश्न घरच्या वडीलधाऱ्या माणसाचा आहे, यात शंका नाही. मुलांना तुम्ही काहीतरी देता आहात, आमच्या हाती काय? मुले घरी येतील, विचारतील, तेव्हा आम्ही काय बोलावे? पाद्रीगुरूंनी त्याला गप्प बसवले नाही. वर्गात अडथळा आणला म्हणून त्याला बाहेरही काढले नाही. त्याचा प्रश्न रास्त मानून ते उत्तर देऊ लागतात, आणि ते उत्तर म्हणजेच ख्रिस्तपुराण. पुढेही कथा चालू असताना श्रोते मध्येच शंका विचारतात आणि गुरू त्यांचे समाधान करतात.

१६१६ साली राशोल येथे हे पुराण छापले गेले. देवनागरी खिळे मिळत नव्हते, म्हणून ते रोमन लिपीत छापावे लागले. भाषा मात्र मराठी, कोंकणीची मिसळ असलेली, आणि छंद ओवीचा. लोकांच्या कानाला ज्ञानेश्वरीमुळे ओवीची सवय होती. फादर स्टीफन्स यांच्याच काळात पैठणला संत एकनाथ ओव्या रचत होते. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचे जीवन, अशा १०,९६२ ओव्या. मुलांच्या धर्मशिक्षणासाठी त्यांनी कोंकणीत प्रश्नोत्तरांचे वेगळे पुस्तकही लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली प्रसिद्ध झाले. मुलांसाठी एक आणि घरच्या सर्वांसाठी एक, अशी दोन्ही पुस्तके त्यांनी दिली. १६१९ साली, गोव्यात चाळीस वर्षे सेवा करून, ते प्रभूकडे गेले.

आता या कथेतला आम्हांला सर्वांत भावलेला भाग सांगतो. पुराणाच्या १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये त्याचे वाचन होत असे. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. काळाच्या ओघात गोव्यातील त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उरली नाही. मग पुराण वाचले कसे? गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती लोकांनी ते हाताने उतरवून घेतले होते आणि ते घराघरांत वाचले जात होते. १७८४ साली टिपू सुलतानाने या लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. त्या पंधरा वर्षांत पुराणातील ओव्यांनी आपल्या पूर्वजांना धीर दिला, अशी आठवण तिकडे सांगतात. अशा जपलेल्या हस्तलिखितांवरूनच १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला पुराण पुन्हा छापले. पुढे १९५६ साली पुण्याला शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले, म्हणून आज ते आपल्याला सहज वाचता येते.

बंधुभगिनींनो, छापखाना थांबला, चर्चमधले वाचन थांबले. घराने मात्र पुराण सांभाळले. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या प्रश्नातून जे जन्मले, ते घरानेच वाचवले. श्रद्धेचेही तसेच आहे. युवक मंडळात मुले चार-पाच वर्षे असतात. नंतर कोणी नागपूरला शिकायला जाते, कोणी पुण्याला कामाला. आमच्याही बदल्या होतात. मुलांसोबत शेवटपर्यंत राहते ते घर. त्या घराला वगळून आम्ही मुलांना काही शिकवू पाहिले, तर ते फार काळ टिकणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेच शिकवले, की मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडीलच आहेत. धर्मगुरू त्यांना मदत करतो, त्यांची जागा घेत नाही.

एक गोष्ट तरुणांसाठीही सांगू. आईवडिलांना कळवणे म्हणजे तुमच्यावर पाळत ठेवणे नव्हे. पापनिवेदनात किंवा विश्वासाने तुम्ही आम्हांला जे सांगता, ते आमच्याजवळच राहील. तुमच्या जिवाला धोका असेल, तर मात्र तुम्हांला सोबत घेऊन आपण घरच्यांशी बोलू. पापनिवेदनातली गोष्ट मात्र कधीच उघड होणार नाही. पण कोठे जातो, कोणासोबत जातो, केव्हा परततो, हे घरी सांगण्यात कमीपणा कसला? बारा वर्षांचा येशू मंदिरात राहिला तेव्हा मारिया माता आणि योसेफ तीन दिवस त्याला शोधत होते. मंदिरातले काम पित्याचेच होते, तरी आईने जाब विचारला आणि येशू त्यांच्यासोबत नाझरेथला परतला. फादर स्टीफन्स यांना पत्र धाडण्यासाठी जहाजाची वाट पाहावी लागे. तुमच्या खिशात मोबाईल आहे.

आता आमच्या बाजूने. यापुढे युवक मंडळाचा कोणताही कार्यक्रम गावाबाहेर असेल, तर मुलांच्या हाती चिठ्ठी देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ठिकाण, सोबत जाणारी मोठी माणसे, परतीची वेळ आणि दोन फोन नंबर हे सगळे आठवडाभर आधी पालकांना थेट कळवले जाईल; व्हॉट्सॲपवर, आणि ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्या घरी जाऊन. उशीर झाला तर तेथूनच प्रत्येक घरी फोन जाईल. अठरा वर्षांखालील मुलामुलींना पालकांच्या सहीशिवाय नेणार नाही. प्रत्येक सहलीला निदान एक आई आणि एक वडील सोबत असतील. मंडळाच्या बैठकीत दोन पालकांना कायमची जागा राहील.

आणि तुमच्याकडून आम्हांला काय हवे? प्रश्न. कापूस वेचणीच्या दिवसांत तुम्हांला सवड नसते, हे आम्ही जाणतो. तरी येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर दहा मिनिटे थांबा. मुले काय शिकतात ते पाहा, पटले नाही तर तसे सांगा. साष्टीतला तो श्रोता भर चर्चमध्ये उभा राहिला म्हणून मराठीला ख्रिस्तपुराण मिळाले. बसस्थानकावर उभ्या राहिलेल्या त्या आईने विचारले म्हणून आम्हांलाही आमची चूक कळली. तिचे आम्ही आभारी आहोत.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाचा आशीर्वाद आपल्या प्रत्येक घरावर असो.