पंडिता रमाबाई आणि केडगावची मुक्ती

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडले की थोड्याच वेळात केडगाव लागते. खिडकीतून ती पाटी मी अनेकदा वाचली होती. पण पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले तेव्हाच त्या नावामागे केवढी मोठी तपश्चर्या आहे हे मला कळले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने लेकीला. पुराणे सांगत तीर्थे हिंडणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले. आईवडील व थोरली बहीण उपासमारीने गेली. उरलेली दोघे भावंडे हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी जातीबाहेर विवाह केला. पण १८८२ साली तेही पटकीने गेले. पदरी उरली तान्ही मनोरमा.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आपल्याजवळ ठेवून घेत. आपल्याकडे अशांना कोण जवळ करतो, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात घर करून राहिला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र गुरुजन सांगतात म्हणून डोळे मिटून मान डोलावणे त्यांना नव्या धर्मातही जमले नाही.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. महर्षी कर्व्यांशी विवाह करणाऱ्या गोदूबाई याच सदनात शिकल्या. १८९३ साली धर्मांतराच्या शंकेने पुण्यात वादळ उठले. सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाई मात्र खचल्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली घेऊन आल्या. स्वतः भूक भोगलेल्या बाईला त्या मुलींकडे पाठ फिरवणे शक्यच नव्हते. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. पुढे गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दीड हजारांपर्यंत गेली.

एवढ्या माणसांचा संसार कसा चालत असेल? दिवसाचे तास प्रार्थना, शाळा आणि काम यांत वाटलेले. कोणी मागावर बसे, कोणी शेतात राबे, कोणी गाईंचे पाही, कोणी तेलघाण्यावर असे. छापखान्यात मुली खिळे जुळवीत. मनोरमेने अंध मुलींना ब्रेल लिपीने वाचावयास शिकविले. रमाबाई हिब्रू व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत बायबल उतरवीत आणि ते याच बायकांच्या हातून छापले जाई.

मला येथे सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की रमाबाईंनी त्या मुलींना नुसती भाकरी घातली नाही, हाताला काम आणि डोळ्यांना अक्षर दिले. माझी आई विड्या वळते. हात तिचा विलक्षण चपळ, पण बसवरची पाटी तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. तिच्या हाताला काम मिळाले, अक्षर मिळाले नाही. म्हणूनच हातात खिळे घेऊन ओळ जुळविणारी ती दुष्काळातली मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

रमाबाईंचे धर्मांतर अनेकांना रुचले नाही. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते आणि आश्रयाला आलेल्या अजाण मुलींच्या श्रद्धेचा प्रश्न खोटा नव्हता. वर्गात यावर वाद होतो, तो व्हावाही. पण वाद घालताना एवढे विसरू नये, की त्या मुली रस्त्यावर पडल्या होत्या तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांना उचलावयास गेले?

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा आईच्या आधी गेली. बायबलचे काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही केडगावलाच देह ठेवला. त्यांची मुक्ती आजही तेथे निराधारांना आसरा देत आहे. आता गाडी केडगाव ओलांडू लागली की मी ती पाटी आईला वाचून दाखवते आणि रमाबाईंची गोष्ट सांगते.