गोडसे भटजी : झाशीच्या वेढ्याचे साक्षीदार

युद्धाची हकीकत लढवय्यांनी सांगावी, हा जुना शिरस्ता होय. तो शिरस्ता ज्यांनी मोडला, त्यांत विल्यम हॉवर्ड रसेल या आयरिश गृहस्थाचे नाव अग्रभागी घेतले जाते. १८५४ साली क्रिमियाच्या रणभूमीवरून लंडनच्या 'टाइम्स' पत्राला त्याने पाठविलेल्या बातमीपत्रांनी जखमी शिपायांची दैना चव्हाट्यावर आणली. पुढे १८५८ साली तो हिंदुस्थानात आला आणि मार्च महिन्यात लखनौच्या लढाईवेळी इंग्रजी सैन्याबरोबर होता. नेमक्या त्याच महिन्यात झाशीच्या तटाच्या आत कोकणातला एक गरीब भिक्षुक तोफांचा मारा सोशीत बसला होता. त्या भिक्षुकाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस सांगावे, असा आमचा हेतू आहे.

विष्णुभट गोडसे यांचा जन्म पेणजवळील वरसई या गावी सुमारे १८२७ साली झाला. विद्या होती, पण घरात दारिद्र्य होते व डोक्यावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता कोकणात आली. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल आणि तीर्थयात्राही घडेल, अशा आशेने १८५७ साली आईबापांचा निरोप घेऊन भटजी आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. राज्यक्रांतीशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. परंतु महूच्या वाटेवर शिपायांच्या तोंडून बंडाची कुणकुण लागली, आणि थोड्याच दिवसांत मुलूखभर वणवा पेटला.

पुढे दैवाने त्यांना झाशीस नेले. राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय मिळाला, आता बरे दिवस येतील असे वाटले. तोच १८५८ च्या मार्चअखेर सर ह्यू रोज याने शहरास वेढा घातला. एप्रिलच्या आरंभी इंग्रजी फौज तट चढून आत शिरली. राणीसाहेब रात्री किल्ल्यातून निसटल्या. मागे राहिली ती निःशस्त्र रयत. त्यानंतरची कत्तल व लूट भटजींनी जीव मुठीत धरून लपलेल्या जागेतून पाहिली. आधी सोनेनाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी गेली, शेवटी धान्यदेखील उरले नाही. पुढे काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानेने व्याकूळ झालेल्या राणीसाहेब त्यांना भेटल्या. भटजी पाणी काढून देऊ लागले. परंतु विद्वान ब्राह्मणाला श्रम देणे न रुचून त्यांनी स्वतःच दोर हाती घेतला. रणरागिणीचे हे विनयशील रूप भटजींमुळेच आम्हांस ठाऊक झाले.

मिळविलेले द्रव्य वाटेत वारंवार लुटले गेले. चित्रकूट, अयोध्या, काशी अशी यात्रा करीत, दोन वर्षांहून अधिक काळाने ते वरसईस परतले. पदरी पैका नव्हता. मात्र खांद्यावर गंगाजलाची कावड होती. त्या जलाने त्यांनी वृद्ध आईबापांना स्नान घातले. ज्या कर्जासाठी घर सोडले ते या प्रवासाने फिटले नाही, परंतु पुत्रधर्म पुरा झाला.

रसेलची पत्रे डाक व तारेने हजारो वाचकांपर्यंत जात. भटजींपाशी ना वर्तमानपत्र, ना तार. होती ती केवळ स्मृती. तशात या गोष्टी उघड सांगितल्यास सरकारचा रोष होईल, ही धास्ती होती. सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी सारे मनातच ठेवले. पुढे चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी सगळी हकीकत मोडीत लिहून काढली. भटजींच्या निधनानंतर, १९०७ साली, वैद्यांनी ती 'माझा प्रवास' या नावाने फेरफार करून प्रसिद्ध केली. रसेलही त्याच वर्षी निवर्तला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली प्रत १९६६ साली निघाली, तेव्हा कुठे भटजींचे खरे शब्द वाचकांच्या हाती आले.

भटजींच्या लेखनात ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काही चुकीच्याही आहेत. अभ्यासूंनी त्या पारखूनच घ्याव्यात. परंतु डोळ्यांनी पाहिलेले ते असे सांगतात, की विजेत्यांच्या कागदांत न सापडणारी रयत तेथे बोलू लागते. भटजींनी लेखणी उचलली नसती, तर झाशीच्या गल्ल्यांतील त्या आकांताची मराठीत नोंदच राहिली नसती.

फणसवाडीतील आमच्या बाळगोपाळांपैकी पुष्कळांची मूळ घरे खाडीपलीकडे कोकणातच आहेत. सुटीत गावी जाल, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसा, त्यांनी पाहिलेले विचारा आणि त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा. पंचवीस वर्षे थांबण्याचे कारण आज तुम्हांस नाही.