संत थॉमस मोअर : सदसद्विवेकाची कसोटी

दरवर्षी २२ जून रोजी ख्रिस्तसभा संत जॉन फिशर आणि संत थॉमस मोअर या दोन इंग्लिश रक्तसाक्षींचे स्मरण करते. आपल्याकडे तो दिवस पावसाच्या आणि नव्या शाळेच्या धांदलीत येतो व निघून जातो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर २००० रोजी थॉमस मोअर यांना राज्यकर्त्यांचे व राजकारण्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. तेव्हापासून निवडणुका आल्या की त्यांचे नाव आपल्या कानांवर पडते. परंतु हे संत आधी लेखक होते, आणि ज्या प्रश्नापायी त्यांना प्राण द्यावे लागले तो त्यांनी एकोणीस वर्षे आधी स्वतःच्याच ग्रंथात मांडून ठेवला होता. आज वाचकांपुढे आम्हांस ही बाजू ठेवायची आहे.

१४७८ च्या सुमारास लंडनमध्ये एका वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणी ते कार्डिनल मॉर्टन यांच्या वाड्यात सेवेस होते. पुढे ऑक्सफर्ड आणि मग वकिलीचे शिक्षण झाले. तरुणपणी काही वर्षे त्यांनी कार्थुसियन मठवासीयांच्या सान्निध्यात प्रार्थना-उपवासात घालविली. आपणास धर्मगुरुपदाचे पाचारण आहे की काय, हा विचार मनात घोळत होता. अखेर त्यांनी संसाराचा मार्ग पत्करला; मात्र अंगावरच्या उंची वस्त्रांखाली केसांचे खरखरीत वस्त्र घालण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. पहिली पत्नी जेन १५११ साली चार लहान मुले मागे ठेवून वारली. महिन्याभरातच त्यांनी ॲलिस या विधवेशी विवाह केला. या घाईबद्दल कोणी नाके मुरडील, पण घरात चार चिमुकली लेकरे असणाऱ्या बापाची अडचण आम्हांस समजते. मुलाच्या बरोबरीने त्यांनी मुलींनाही लॅटिन व ग्रीक शिकविले, आणि थोरली मार्गारेट तर विद्वान म्हणून नावाजली गेली.

१५१६ साली त्यांचा 'युटोपिया' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. (शंभर वर्षांनी, १६१६ साली, राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. ज्या धार्मिक कलहात मोअर यांचा बळी गेला, त्याच कलहाने दुभंगलेल्या इंग्लंडमधून फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले होते.) 'युटोपिया' म्हणजे कुठेच नसलेला देश. तेथे खाजगी मालमत्ता नाही, सोन्याच्या बेड्या गुलामांना घालतात, आणि धर्माच्या बाबतीत कोणी कोणावर जबरदस्ती करीत नाही. त्यात ख्रिस्ती शिकवणुकीशी न जुळणाऱ्या गोष्टीही आहेत. मोअर यांना त्या कितपत मान्य होत्या यावर पंडितांचा वाद आजही चालू आहे.

आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो ग्रंथाचा पहिला भाग. त्यात राफाएल नावाचा प्रवासी म्हणतो की शहाण्या माणसाने राजदरबारी जाऊ नये. तेथे खरे बोलणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, आणि खुशामत करता करता तोही बिघडतो. ग्रंथातील मोअर त्याला उत्तर देतात की चांगले करता येत नसेल तर निदान वाईट कमी करावे. वारा आपल्या हाती नाही म्हणून वादळात जहाज सोडून देऊ नये. वादाचा निकाल ग्रंथात लागत नाही. १५१८ साली मात्र लेखक स्वतः आठव्या हेन्रीच्या सेवेत रुजू झाले आणि ऑक्टोबर १५२९ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राज्याचे सर्वोच्च न्यायाधिकारी झाले.

त्या पदावर त्यांची दैनंदिन वागणूक कशी होती, हे त्यांचे जावई विल्यम रोपर यांनी लिहून ठेवले आहे. एका विधवेने आपल्या बाजूने निकाल लागल्यावर नववर्षाची भेट म्हणून हातमोजे पाठविले. आत चाळीस पौंडांची नाणी होती. मोअर यांनी हातमोजे ठेवून घेतले व नाणी परत केली. दुसऱ्या एका जावयाचा दावा त्यांच्यापुढे आला, तेव्हा सासरेबुवा सांभाळून घेतील या भरवशावर तो आडमुठेपणा करू लागला. निकाल त्याच्या विरुद्ध गेला.

तरीही एक गोष्ट लपवून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्यांच्या अडीच वर्षांच्या कारकिर्दीत सहा जणांना पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आले. त्यांपैकी काहींच्या प्रकरणांत मोअर यांचा प्रत्यक्ष हात होता आणि त्या शिक्षेचे त्यांनी लेखी समर्थनही केले. युटोपियात सक्ती नको म्हणणारी लेखणी इंग्लंडमध्ये सक्तीच्या बाजूने उभी राहिली. काळच तसा होता, असे म्हणून काही जण हा विषय सोडून देतात. आम्हांस तसे करवत नाही.

हेन्रीला राणी कॅथरिनशी झालेला विवाह रद्द ठरवून ॲन बोलीनशी लग्न करायचे होते. रोमहून अनुमती मिळेना, तेव्हा त्याने इंग्लंडमधील ख्रिस्तसभेवर आपलीच सत्ता प्रस्थापित करण्यास आरंभ केला. १५ मे १५३२ रोजी धर्माधिकाऱ्यांनी राजापुढे मान तुकविली. दुसऱ्याच दिवशी मोअर यांनी पदाचा राजीनामा दिला. घरात चणचण सुरू झाली. त्यांच्या धर्मरक्षक लेखनाबद्दल बिशपांनी हजारो पौंडांची रक्कम जमवून देऊ केली, तीही त्यांनी नाकारली. ॲनच्या राज्याभिषेकास ते गेले नाहीत.

एप्रिल १५३४ मध्ये नव्या वारसाहक्काच्या कायद्याची शपथ घेण्यास त्यांना बोलावण्यात आले. वारस कोण असावा हे पार्लमेंटने ठरवावे, यास त्यांची हरकत नव्हती. पण शपथेच्या मजकुरात पोपचा अधिकार नाकारला होता. त्यांनी शपथ घेतली नाही आणि का घेत नाही हेही सांगितले नाही. कायदेपंडितच ते! मौनाला कायदा दंड करू शकत नाही, हे ते जाणून होते. त्यांची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये झाली.

त्यानंतर बापलेकीत जे घडले ते आम्हांस सर्वांत हृद्य वाटते. मार्गारेटने, ईश्वराच्या नियमाला धरून असेल तेवढीच, अशी पुस्ती जोडून शपथ घेतली होती, आणि वडिलांनीही घ्यावी म्हणून ती विनवीत होती. अशातच नवे लॉर्ड चॅन्सेलर ऑडली यांनी तिच्या सावत्र बहिणीकरवी एक गोष्ट कानी घातली. सिंह, गाढव आणि लांडगा कोल्ह्याकडे कुमसाराला जातात. सिंहाला राजा म्हणून सारे माफ. भुकेल्या गाढवाने धन्याच्या जोड्यातील गवताची काडी खाल्लेली असते, आणि त्यामुळे धन्याला पडसे झाले असेल या धास्तीने ते खंगते. लांडग्याला मात्र सहा पेन्सहून महाग जेवण करू नये एवढीच ताकीद मिळते. मग तो गाईची किंमत चार पेन्स व वासराची दोन पेन्स धरून दोन्ही फस्त करतो. मोअर म्हणजे काडीसाठी झुरणारे गाढव, हा त्यातला टोमणा होता.

मोअर यांनी गोष्टीला गोष्टीनेच उत्तर दिले. ज्युरीवर बारा माणसे बसली आहेत. अकरा जणांचे एकमत झाले आहे. बारावा भोळा गृहस्थ पटत नाही म्हणून अडून बसतो. चांगल्या सोबत्यासारखा आमच्याबरोबर ये, असा इतरांचा आग्रह. तो विचारतो, तुम्ही आपल्या विवेकाला अनुसरल्यामुळे स्वर्गात गेलात आणि मी माझ्या विवेकाविरुद्ध वागल्यामुळे नरकात पडलो, तर सोबतीला तुम्ही तेथे याल काय? हे सारे मार्गारेटच्या एका दीर्घ पत्रात आले आहे. ते पत्र लेकीने लिहिले, बापाने, की दोघांनी मिळून, हे अभ्यासकांनाही उलगडलेले नाही. ज्यांनी शपथ घेतली त्यांना मोअर यांनी दोष दिला नाही, लेकीलाही नाही.

१ जुलै १५३५ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये रिचर्ड रिच याच्या साक्षीवरून त्यांना राजद्रोही ठरविण्यात आले. आपण तसे बोललोच नाही, रिच खोटी शपथ घेत आहे, असे त्यांनी न्यायासनासमोर सांगितले. परंतु ज्युरीने काही मिनिटांतच त्यांना दोषी ठरविले. निकाल लागून गेल्यावर मात्र मौनाचे कारण उरले नाही, आणि ख्रिस्तसभेवर पार्लमेंटची सत्ता चालत नाही हे त्यांनी उघड बोलून दाखविले. टॉवरकडे परतताना मार्गारेट शस्त्रधारी पहारेकऱ्यांमधून वाट काढीत आली व त्यांच्या गळ्यात पडली. ५ जुलै रोजी त्यांनी तिला कोळशाने अखेरचे पत्र लिहिले आणि केसांचे ते वस्त्र तिच्याकडे पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. ख्रिस्तसभेने त्यांना १८८६ मध्ये धन्य आणि १९३५ मध्ये संत म्हणून गौरविले.

त्यांचे मस्तक लंडन ब्रिजवर लोकांना दहशत बसावी म्हणून टांगण्यात आले होते. सुमारे महिन्याने ते उतरविले जात असता मार्गारेटने ते मिळविले आणि जपून ठेवले. १५४४ साली तीही निवर्तली. कँटरबरी येथील संत डन्स्टन यांच्या चर्चमध्ये, रोपर कुटुंबाच्या तळघरात ते मस्तक ठेवलेले आहे.