वैद्यकाचा हुतात्मा : दानिएल कारिऑन

विद्यार्थिमित्रहो, हुतात्मा म्हटला की रणांगणावर देह ठेवणारा वीर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आज आम्ही ज्याची ओळख करून देत आहोत, त्याच्या हाती शस्त्र नव्हते. होती ती एक टिपणवही. आणि मृत्युसमयी तो तुमच्यासारखाच विद्यार्थी होता.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, अँडीज पर्वतावर सुमारे ४,३०० मीटर उंचीवर सेरो दे पास्को हे खाणींचे गाव आहे. तेथे १८५७ साली दानिएल कारिऑनचा जन्म झाला. बालपणीच त्याचे पितृछत्र हरपले. पुढे तो राजधानी लिमा येथे आला व सान मार्कोस विद्यापीठात वैद्यक शिकू लागला. १८८१ साली चिलीच्या सैन्याने लिमा जिंकून घेतले. अशा आपत्काळातही त्याची ज्ञाननिष्ठा ढळली नाही.

पेरूच्या काही डोंगरी खोऱ्यांत दोन विकार आढळत. एकात अंगावर तांबड्या, रक्ताळणाऱ्या चामखिळी उठत. रोगी बहुधा बचावे. दुसरा भयंकर ज्वर. लिमाहून ओरोयाकडे जाणाऱ्या लोहमार्गाचे काम चालू असता १८७१ च्या सुमारास त्याने हजारो मजुरांचा बळी घेतला. त्यास ओरोया ज्वर हे नाव पडले. दोहोंचा संबंध काय, यावर वैद्यांत एकमत नव्हते. शिवाय चामखिळी उठेपर्यंत रोग ओळखताच येत नसे. आरंभीचा ताप पाहून हिवताप किंवा विषमज्वर असेच निदान होई.

चामखिळी उठण्यापूर्वीची लक्षणे नेमकी कोणती, हे कारिऑनला जाणून घ्यावयाचे होते. मित्रांनी व वडीलधाऱ्यांनी परोपरीने विनविले. तरी २७ ऑगस्ट १८८५ रोजी लिमाच्या दोस दे मायो रुग्णालयात, एका किशोरवयीन रुग्णाच्या चामखिळीतील रक्त त्याने आपल्या दोन्ही बाहूंत टोचून घेतले. तीन आठवडे काहीच घडले नाही. मग वेदना सुरू झाल्या. हुडहुडी भरून ताप चढला, तांबड्या रक्तपेशी झपाट्याने नष्ट होऊन शरीर पांढरेफटक पडले. तो प्रत्येक लक्षण लिहून ठेवीत होता. २६ सप्टेंबरपासून हात चालेना, तेव्हा ते काम त्याने मित्रांवर सोपविले. आपणांस झाला आहे तो ओरोया ज्वरच, आणि दोन्ही विकारांचे मूळ एकच, हे त्याने मृत्युशय्येवर ओळखले. ५ ऑक्टोबर १८८५ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचे प्राणोत्क्रमण झाले. टोचण्यास साहाय्य करणाऱ्या वैद्यावर चौकशीचा प्रसंग ओढवला.

एवढ्याने वाद मिटला असे मात्र नाही. १९०९ साली आल्बेर्तो बार्तोन या पेरूच्याच वैद्याने ज्वररुग्णांच्या तांबड्या रक्तपेशींत आढळलेल्या सूक्ष्म जंतूंचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु १९१३ साली आलेल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी हे दोन भिन्न रोग आहेत असा निर्वाळा दिला. अखेर १९२६ साली नोगुची व बात्तिस्तिनी यांनी ज्वररुग्णाच्या रक्तातील जंतू वाढवून माकडांना टोचले, तेव्हा त्यांच्या अंगावर चामखिळी उठल्या. कारिऑनचे म्हणणे खरे ठरले! हा जंतू वाळूमाशीच्या दंशाने पसरतो, हेही पुढे सिद्ध झाले. आज या रोगावर प्रतिजैविके आहेत; मात्र निदान वेळीच व्हावे लागते. हा रोग विरळा, म्हणूनच त्याचा ताप अजूनही दुसऱ्याच रोगाच्या नावावर खपून जाऊ शकतो.

पेरूमध्ये ५ ऑक्टोबर हा वैद्यक दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या रोगास कारिऑनचेच नाव मिळाले आहे.

बालमित्रहो, स्वतःवर जीवघेणे प्रयोग करा, असा बोध यातून कोणी घेऊ नये. आजचे वैद्यकशास्त्रही त्यास अनुमती देणार नाही. घ्यावयाचे ते एवढेच : रूढ नावावर विसंबून न राहता स्वतः पाहावे, आणि जे दिसेल ते, आपल्याला प्रतिकूल असले तरी, प्रामाणिकपणे लिहून ठेवावे. कारिऑनने अखेरपर्यंत केले ते हेच.