दात भरण्याच्या कलेला शास्त्र देणारे डॉ. ब्लॅक

रायपूर - छत्तीसगडच्या राजधानीतील शासकीय दंत महाविद्यालय असो वा मुंबई-नागपूरचे, किडलेला दात कोरून भरण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची गाठ प्रथम डॉ. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांच्या नावाशी पडते. दातांतील खड्ड्यांचे जे पाच वर्ग त्यांनी ठरविले, ते आजही शिकविले जातात. नॅनोकण मिसळून जिवाणूंना दाद न देणारी भरणद्रव्ये तयार करण्याचे संशोधन सध्या अनेक देशांत सुरू आहे. त्यामागचा प्रश्न मात्र ब्लॅक यांच्याच काळातला आहे.

ब्लॅक यांचा जन्म ३ ऑगस्ट १८३६ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात विंचेस्टरजवळच्या शेतावर झाला. शालेय शिक्षण जेमतेमच झाले. थोरल्या बंधूंकडे वैद्यकाचे आणि १८५७ मध्ये एका दंतवैद्याकडे काही महिने दंतोपचाराचे धडे गिरवून त्यांनी व्यवसाय थाटला. दंत महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून ते कधी चढले नाहीत. पुढे १८९७ पासून अखेरपर्यंत ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतविद्यालयाचे अधिष्ठाता होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या स्वाध्यायाची कल्पना येते.

त्या काळी दातात पारा व चांदीचे मिश्रण, म्हणजेच अमाल्गम, भरणे वादग्रस्त होते. १८४० च्या दशकात अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने सदस्यांकडून ते न वापरण्याची हमी घेतली आणि याच वादात पुढे ती संघटना मोडली. ब्लॅक वादात न शिरता मोजमापाकडे वळले. भरण घट्ट होताना किती आकसते वा फुगते, हे त्यांनी सूक्ष्ममापकाने तपासले. ताजा कीस आणि काही काळ मुरलेला कीस वेगळे वागतात, हेही त्यांना आढळले. भरण आकसले की दाताच्या कडेला फट राहते, फटीत जिवाणू शिरतात आणि भरलेला दात पुन्हा किडतो. १८९५ मध्ये त्यांनी दोन तृतीयांशाहून थोडी अधिक चांदी, सुमारे एक चतुर्थांश कथील आणि अल्प तांबे व जस्त असा मिश्रधातू सुचविला. पुढे अनेक दशके हेच प्रमाण आधारभूत राहिले.

दातावर साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थराचे वर्णनही त्यांनी १८९८ मध्ये केले. कीड परतू नये म्हणून लगतचा निरोगी भागही कोरावा, हे त्यांचे तत्त्व मात्र आता मागे पडले आहे. त्यात निरोगी दाताचा बळी जातो, हा आक्षेप रास्तच होय.

पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २०१३ च्या मिनामाता करारानंतर अमाल्गमचा वापर घटत आहे. त्याजागी आलेले दातांच्या रंगाचे रेझिनही घट्ट होताना आकसतेच. शिवाय त्यावर जिवाणूंचा थर सहज बसतो. म्हणून त्यात चांदी वा झिंक ऑक्साइडचे नॅनोकण मिसळून पाहिले जातात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कण इतके बारीक झाले की त्यांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड वाढतो. चांदीच्या कणांतून सुटणारे आयन जिवाणूंचे आवरण व विकरे निकामी करतात. मात्र चांदीने भरण काळवंडते, कण अधिक झाल्यास मजबुती घटते, आणि प्रयोगशाळेतला गुण लाळेने भिजलेल्या तोंडात किती वर्षे टिकेल, हे तेथेच पाहावे लागते.

आयुष्याच्या उत्तरार्धात ब्लॅक यांना कोलोरॅडोतील मुलांच्या तपकिरी डागांच्या दातांनी ओढून घेतले. १९०९ पासून त्यांनी डॉ. फ्रेडरिक मॅके यांच्यासमवेत त्याचा अभ्यास केला. हे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत, हे कोडे त्यांना सुटले नाही. ३१ ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड हे त्या डागांचे कारण १९३१ मध्ये उघड झाले. छत्तीसगडमधील काही गावांत, तसेच यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतही अशाच पाण्यामुळे मुलांचे दात डागाळतात.